शंभर मीटरची थंडी

काल सकाळी दार उघडलं, मोहोराचा वास नाकात गेला आणि माझ्या पोटऱ्या ठणकल्या. खोटं नाही सांगत, खरंच ठणकल्या. या वासानं कुणाला कैऱ्या आठवतात, कुणाला आजोळ. बागवाल्यांना फवारणीचा पंप आठवतो, आणि आता धुकं पडू नये म्हणून ते आभाळाकडे बघत बसतात. मला आठवते ती एक थंडी. रत्नागिरीची थंडी ती केवढी! पुण्याच्या माणसाला तिचं कौतुक सांगितलं तर तो पंखा लावून ऐकेल. पण तेवढ्याशा थंडीत, पंचेचाळिशी उलटल्यावर, मी पहिल्यांदा जोरात धावले.

'पहिल्यांदा' म्हटलं की ओळखीचे हसतात. कारण रत्नागिरीलगतच्या आमच्या मिरजोळ्यात मी धावणारी बाई म्हणूनच ठाऊक आहे, शाळेत भूगोल शिकवते हे नंतर. रविवारी उजाडता उजाडता घरून निघायचं, हातखंब्यापर्यंत जायचं, अंगात आलं तर रस्त्याच्या कडेकडेनं थेट पाली गाठायची. तिथं बाजारात चहा प्यायचा आणि घामेजल्या अंगानं एसटीनं परत. सुरुवातीला लोक थांबवून विचारायचे, "काय झालं गो? कोण आजारी हाय काय?" बाईमाणूस रस्त्यानं धावतंय म्हणजे घरात काहीतरी आक्रीत घडलंय, अशी आपल्याकडची समजूत. पुढे त्यांना सवय झाली. मग मी मॅरेथॉन पळाले, भिंतीवरचा खिळा वाकेल इतकी पदकं जमली. नवरा मुंबईला नोकरीला, पंधरवड्यानं येणारा. लेक पुण्यात शिकायला. रस्त्यावर मी एकटी असायची आणि मला ते फार आवडायचं.

पण खरं सांगू? लांब धावणं म्हणजे जोरात धावणं नव्हे. लांब धावणारा माणूस मनातून चिकट असतो. प्रत्येक चढाला तो स्वतःला बजावतो, आत्ता नको, पुढे लागेल. श्वासाचा ताल एकदा बसला की डोकं मोकळं होतं आणि त्यात वाट्टेल ते शिरतं. मी धावता धावता सहामाहीचे पेपर तपासलेत, जावेशी भांडलेय आणि ते भांडण जिंकलेय, रात्रीच्या आमटीत कोकम टाकायचं राहिलं हे पालीच्या अलीकडे आठवून चुकचुकलेय. इतका निवांतपणा असतो त्यात.

हे दम राखणं मी आबांकडून शिकले. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी हयातभर एसटी चालवली, बहुतेक रत्नागिरी-कोल्हापूर. सुट्टीत मी त्यांच्या गाडीत, त्यांच्या पाठीमागच्या बाकावर बसून आंबा घाट चढायची. छोट्या गाड्या भुर्रकन पुढे जायच्या. मी म्हणायची, "आबा, मारा ना जोरात!" आबा मात्र गियर खाली उतरवायचे. "जाऊ दे त्यांना. भेटतील वरच्या वळणावर." आणि खरंच भेटायच्या, बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या. आबा हॉर्नसुद्धा न वाजवता त्यांच्या बाजूनं जायचे. "दम राखून असावं गो बाय," एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, माझ्या बापाएवढा शहाणा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही.

त्या वर्षी गणपती गेले आणि पाठोपाठ आबांना झटका आला. तेव्हा ते माझ्याकडेच राहत होते, आई गेल्यापासून. बोलणं वाचलं, ही देवाची कृपा, पण डावं अंग लुळं पडलं. डावा हात मांडीवर ठेवला तर तिथंच पडून राहायचा. डावा पाय ओढत न्यावा लागायचा. ज्या पायानं चाळीस गावच्या माणसांना घाटात क्लच दाबून सुखरूप वर नेलं, तो पाय आता चपलेत घालायलाही दुसऱ्याचा हात लागे. मला ते बघवत नसे. मी चपलेकडे बघायची, पायाकडे नाही.

माझं धावणं तिथंच थांबलं. शाळा आणि आबा, आबा आणि शाळा. मी शाळेत असताना एक बाई ठेवली होती. बाकीचा वेळ मी. दोन-अडीच तास रस्त्यावर घालवायचे कुठून? एका रविवारी मी बूट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकले. आबांनी विचारलं, "बूट दिसत नाहीत ते?" मी म्हटलं, "झिजले." न्हाणीत नळ सोडून पोटभर रडले आणि बाहेर येऊन भात लावला.

आबांचा व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूरकडची. तिचं बोलणं पहिल्यांदा ऐकून शेजारच्या कुंदाकाकू धावत आल्या, घरात भांडण लागलं असं वाटून. "काय आबा, निवांत? उठा की! लावा ताकद, लावा, लावा! लै भारी!" आबा वॉकर धरून उठायचे, चार पावलं टाकायचे, मग खुर्चीकडे वळून बघायचे. "बास आज. उद्या बघू." रोजचं तेच. थंडी सुरू झाली तरी चाराची पाच पावलं होईनात. एक दिवस ती मला दाराबाहेर घेऊन गेली. "ताई, खोटं कशाला बोलू? ह्यांच्या पायात जोर हाय. हे बाहेर काढतच न्हाईत. आता हेच महिने कामाचे. एकदा खुर्चीची सवय लागली की मग मी रोज आले तरी काय उपयोग न्हाई बघा." ती स्कूटी काढून गेली. मी तिथंच पायरीवर बसले. पाठीमागे आबा रेडिओची बटणं फिरवत होते, आणि मला इतकी भीती वाटली की आत जाववेना.

अशात शाळेचे खेळ आले. मैदानावर फक्कीच्या रेघा मारल्या गेल्या, पोरांची गाण्यासारखी ओरड सुरू झाली आणि शेवटच्या दिवशी शिक्षिकांची शंभर मीटरची शर्यत ठरली. मॅरेथॉनवाल्या बाई आहेत म्हटल्यावर निकाल लागल्यातच जमा होता. आठवीच्या पोरींनी तर माझ्या नावाच्या घोषणा तयार केल्या. शिट्टी झाली. मी सवयीनं अंदाज घेत निघाले. खांदे सैल सोडतेय, श्वास जुळवतेय, आता जरा वेग घेऊ असं म्हणतेय, तोवर समोर दोरी! ती कधीच तुटली होती. पलीकडे संस्कृतच्या बाई, पदर कमरेला खोचलेला, छाती धपापतेय, तोंड लालबुंद, पहिल्या आलेल्या. या बाई स्टॉपपर्यंत चालायला नको म्हणून रिक्षा करतात! मी शेवटून दुसरी. आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मला दमच लागला नव्हता.

आमची क्रीडाशिक्षिका शबाना माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण जिभेनं थोरली. तिनं येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "घामसुद्धा नाही! ताई, उरलेल्या दमाचं काय करणार आता? घरी नेऊन लोणचं घालणार?"

घरी येऊन आबांना सांगितलं. आबांनी रेडिओ बंद केला. "संस्कृतच्या बाईंनी? त्या जाड्या?" मी मान हलवली. मग ते हसायला लागले. तोंडाची डावी बाजू अजून नीट हलत नव्हती, तरी एका बाजूनं, पोट धरून हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. गणपतीनंतर पहिल्यांदा. मी म्हटलं, हरल्याचं सार्थक झालं.

शबानानं मात्र पिच्छा सोडला नाही. जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या स्पर्धा पुढच्या महिन्यात होत्या, तिनं परस्पर माझं नाव देऊन टाकलं. शंभर मीटर. मी म्हटलं, "वेड लागलंय काय तुला? मला वेळ कुठे आहे?" ती म्हणाली, "लांब पळायला वेळ लागतो, ताई. याला वीस मिनिटं पुरतात. वीस मिनिटंही नाहीत?" ती होती. कुंदाकाकू रोज सकाळी आबांशी गप्पा मारत एक कप चहा पितात, आणि काकूंचा चहा लवकर संपत नाही. मी शिडी लावली आणि माळ्यावरून बूट काढले.

त्या दिवसांत मला आपल्या आंब्यांचा विचार फार यायचा. कोकणातल्या कुठल्याही घरात जा. आढी उघडली की चांगले आंबे पेटीत भरून मुंबईला जातात, ते ठीक. पण घरात खायला ठेवलेल्यातही आपण काय करतो? डागी आधी संपवतो. आज डाग पडलेले खायचे, चांगले उद्याला. उद्या त्यातल्या काहींना डाग पडतोच. मग ते खायचे. असं करत करत दारात हापूसची कलमं असून अख्खा हंगाम आपण डागी आंबा खातो, आणि वर म्हणतो, यंदा काही गोडी नव्हती! आबांच्या ट्रंकेत घडी न मोडलेले शर्ट आहेत, माझ्या लग्नात मिळालेले. ते कधी घालणार म्हणून विचारलं तर म्हणतात, ठेव, लागतील. पावसाळ्याची बेगमी करून करून ही सवय आपल्या हाडात मुरलेली. तिनं आपल्याला जगवलंय, तिला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण शंभर मीटरला पुढचा पावसाळा नसतो. तिथं जे आहे ते तिथंच संपवायचं असतं, आणि मला ते येत नव्हतं.

घरामागे घाटी आहे, जांभ्याची चढण. वर सपाट सडा. तिथं मी शबानाच्या हाताखाली धावायला शिकले, पुन्हा पहिलीपासून. "टाच टेकवू नको! चवड्यावर! हात कुणासाठी आहेत, ओवाळायला?" वाळलेलं गवत पायाला टोचायचं, दवानं ओलं झालेलं. खालच्या रस्त्यानं एमआयडीसीच्या पहिल्या पाळीची गाडी जायची आणि त्यातले लोक माना वळवून बघायचे, ही बाई शंभर पावलं सुसाट जाते, मग कमरेवर हात ठेवून परत चालत येते, काय हरवलंय हिचं? पोटरीत गोळे येत. पायऱ्या उतरताना मी आई गं म्हणत उतरायची, आणि आबा खुर्चीतून विचारायचे, "गाडी गरम झाली काय?"

पण त्या तेवढ्याशा धावण्यात काहीतरी होतं जे मला पाली गाठूनही मिळालं नव्हतं. त्यात विचार बसत नाही. पेपर नाहीत, आमटी नाही, जाऊ नाही. खुर्चीतले आबा नाहीत. शबाना 'हो!' म्हणून ओरडली की मी नुसती पाय आणि छाती. कुणाची लेक नाही, कुणाची बाई नाही. संपलं की सगळं परत येऊन अंगाला चिकटायचं, पण मधली ती जागा स्वच्छ असायची. आजही असते. मी अजून रविवारी लांब जाते, पण बुधवारी सड्यावर जोरात धावते, आणि दोन्हींतलं एक सोड म्हटलं तर कुठलं सोडेन ते मला सांगता येणार नाही.

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. कोल्हापूरची मुलगी येऊन गेली होती, आबांची तीच चार पावलं झाली होती. मी ताक घेऊन त्यांच्यापुढे बसले आणि मला राहवलंच नाही. "आबा, ती म्हणते तुमच्या पायात जोर आहे. मग लावत का नाही?"

आबांनी ताकाचा पेला बाजूला सारला. "पडलो तर?"

"पडलात तर उचलीन."

"तेच तर," आबा म्हणाले. "तू बूट माळ्यावर टाकलेस ते मला दिसलं नाही काय? झिजले म्हणे! अगो, मी हयातभर टायर बघत आलो, मला कळत नाही झिजलेलं कुठलं ते? मी पडलो, हाड मोडलं, खाटेला खिळलो, तर तुझी शाळा पण जाईल माळ्यावर. आता वीस मिनिटं का होईना, निघतेस ना घरातून? निघ. मी बसतो गप."

म्हणजे हा माणूस माझ्यासाठी बसून राहिला होता! मी रागावले, खूप रागावले. "बसून राहिलात तर जन्मभर वीसच मिनिटं राहतील, आबा. मला नकोत असली." आवाज चढला माझा, आणि मग रडूच आलं. आबांनी उजव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं. दुसऱ्या दिवशीही चारच पावलं झाली. माझी आशा सुटत चालली होती, हे लपवून काय करू?

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर गारवा होता. चहाच्या टपरीवर देवरूखच्या, चिपळूणच्या, दापोलीच्या बाया ट्रॅकसूटमध्ये गलका करत होत्या. माझ्या शेजारच्या रेघेत दापोलीजवळच्या मुरूडची एक तरुण शिक्षिका, वाळूत धावून धावून पाय तयार झालेले. तिनं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही लांब पळता ना? मग इथे कशा?" मी म्हटलं, "बाई, तेच मला कळत नाहीये." वाकून जमिनीला बोटं टेकली. पाठीमागून शबानाचा आवाज, "ताई, घरी काहीही न्यायचं नाही!" आणि बार उडाला.

त्या धावण्याचं मला फारसं आठवत नाही. बाजूला कुणीतरी होतं, मग नव्हतं, मग परत होतं. डोळ्यांपुढे पांढरी रेघ आली आणि मी छाती इतकी पुढे टाकली की पाय मागे राहिले. रेघेच्या पलीकडे मी सपशेल आपटले. दोन्ही गुडघे, दोन्ही तळवे. तोंडात माती. तिसरी की चौथी यावर पंचांची हुज्जत चालू होती आणि शबाना माझी बाजू घेऊन त्यांच्याशी भांडत होती, मला मात्र तिचं नावसुद्धा घेता येईना, इतका दम लागला होता. बोलायचं म्हणून तोंड उघडलं की नुसता वारा. मी पडल्या पडल्या हसत होते. लोकांना वाटलं, डोक्याला मार लागलाय.

चौथीच धरली शेवटी. प्रथमोपचाराची पेटी कुलपात आणि किल्ली कुणाच्या खिशात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून नळावर गुडघे धुतले. शबानानं स्कूटरवरून घरी सोडलं आणि तिला शाळेत परत जायचं होतं म्हणून ती गेली. ठेवलेली बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून आबांजवळ कुंदाकाकू बसल्या होत्या. मला बघून त्यांनी "अगो बाई गो!" म्हणत छातीवर हात मारला, तेवढ्यात बाहेर मासेवालीची हाक आली, आणि बांगडे संपायच्या आत येते म्हणत काकूही गेल्या. राहिलो आम्ही दोघं. मी पडवीतल्या बाकावर पाय लांब सोडून बसले. उजवा गुडघा वाकेचना, त्यातून रक्त झिरपत होतं.

आबा खुर्चीतून बघत होते. "पडलीस?"

"पडले."

"जोरात?"

"चांगलीच जोरात."

"मग?"

"मग काय, आबा? उठले आणि आले घरी."

आबा गुडघ्याकडे बघत राहिले. मी लहानपणी पडून आले की बघायचे तसे, ओठ घट्ट मिटून. "हळद लाव त्यावर," म्हणाले.

"लावते. जरा बसू दे. उठवत नाहीये."

"बस," आबा म्हणाले. "मी आणतो."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणाले. आबांनी उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर टेकला आणि ते उठले. वॉकर भिंतीशी होता, तिकडे बघितलंसुद्धा नाही. उजवा हात भिंतीला लावून ते स्वयंपाकघराच्या बोळात शिरले. डावा पाय फरशीवर खरवडत होता. मी बाकाची कड दोन्ही सोललेल्या तळव्यांनी धरून ठेवली. उठावं, धरावं, 'आबा, नको' म्हणून ओरडावं, सगळं घशाशी आलं होतं. नाही उठले. मी इतक्या शर्यती धावले, पण त्या बाकावर बसून राहण्याएवढं अवघड मी काही केलेलं नाही. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग आबांची शिवी ऐकू आली, भांड्याला घातलेली. मग पुन्हा ते खरवडणं, आता माझ्या दिशेनं.

ते परत आले तेव्हा त्यांचं तोंड लालबुंद झालं होतं आणि छाती भात्यासारखी हलत होती. उजवा हात बोळाच्या दुसऱ्या भिंतीवर. आणि डबा होता डाव्या काखेत, त्या निकामी हाताच्या कोपराखाली घट्ट दाबून धरलेला. मी हात पुढे करून तो घेतला. स्वयंपाकघरात एका मापाचे स्टीलचे दोन डबे शेजारी शेजारी असतात. मी झाकण उघडलं.

"आबा," मी म्हटलं, आणि मला हसू की रडू आवरेना, "हे तिखट आहे."

आबांनी डब्यात डोकावून बघितलं. दम लागल्यामुळे थोडा वेळ त्यांना बोलता येईना. खुर्ची त्यांच्या पाठीशी, हाताच्या अंतरावर होती.

"दे इकडं," ते म्हणाले. "बदलून आणतो."